तेविसावा परगणा

१७ नोव्हेंबर १९१८, रविवार

आजपासून लिहायला घेतले. ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाचा हा आपला प्रदेश स्वित्झर्लंडचा तेविसावा परगणा झाला की तो कसा झाला हे सांगणारे पुष्कळ निघतील, आणि निम्मे चुकीचे सांगतील. निदान एशनाउ गावापुरते तरी कोणीतरी बिनचूक टिपून ठेवले पाहिजे. शाळा मला फारशी मिळाली नाही. जे येते ते भरतकामाच्या यंत्रावर नक्षी फिरवता फिरवता, पुस्तक पुढ्यात टेकवून शिकलो. त्यांचे बावीस परगणे कोणत्या क्रमाने आत आले हे मला पाठ आहे.

सम्राट गेला. व्हिएन्ना उपाशी आहे. शेजारच्या टिरोल प्रांतापासून आपण याच महिन्यात सुटलो, आता पुढचे पाऊल. आज प्रार्थनेनंतर फिन्कच्या खानावळीत मी बाकावर उभा राहून बोललो. व्हिएन्नाला जायला डोंगराच्या पोटातला एक बोगदा आहे, पलीकडे स्वित्झर्लंडात जायला नुसता पूल. ऱ्हाइनच्या दोन्ही काठांची बोली एक. दोन्ही काठांवर सकाळी रीबेलच खातात, मक्याचा भरडा लोण्यात परतलेला. पूल नव्हता तेव्हा माझे पूर्वज नावेतून लोकांना पलीकडे पोचवत. म्हणून गाव आम्हाला अजून 'नावाडी' म्हणते. निम्म्या गावाचे आडनाव आल्गे. घराच्या नावावाचून इथे कोणी कोणाला ओळखत नाही.

फिन्क पेले पुसत ऐकत होता. त्याची बायको बव्हेरियाची, त्याला जर्मनीत जायचे आहे, हे नोंदवून ठेवतो. तो म्हणाला, "नावाड्या, पलीकडून कुणी हाक मारलीय का तुला? बावीस भरलेत त्यांचे. तू आपला उरलेला."

लोक हसले. संध्याकाळपर्यंत पोरेसुद्धा 'उरलेला परगणा' म्हणू लागली. हसू देत.

१ डिसेंबर, रविवार

स्वित्झर्लंडात जाण्याच्या मागणीवर सह्यांसाठी दारोदार फिरतो आहे. कोणी नुसती फुली मारली तर मी घेत नाही. नाव लिहायला शिकवतो, मग घेतो. त्यामुळे इतरांपेक्षा माझे काम मागे आहे, पण पक्के आहे.

घरी आलो तेव्हा डेल्फिना सुया ओवत होती. रविवारी ओवायचे नाही असा आमचा नियम आहे, पण उद्या माल द्यायचा होता. भरतकामाच्या हातयंत्राला दोन माणसे लागतात. एक नक्षी फिरवतो, म्हणजे कागदावरच्या रेषांवरून यंत्राचा दांडा नेतो, एक बाई सुया ओवते. शेकडो सुया, वरची रांग, खालची रांग, दोरा संपला की पुन्हा पहिल्यापासून. डेल्फिना तोमासेल्ली आमच्याकडे लहानपणापासून ओवते. एवढी वर्षे झाली, तिच्या हातून ओवलेला दोरा सुटलेला मी पाहिलेला नाही. आईबाप दक्षिणेकडल्या डोंगरातले, इटालियन बोलणारे, सूतगिरणीत मजुरीला आले आणि इथेच वारले. ती जन्मली इथे, बोलते आमच्यासारखी. पण कायद्यात जन्म कुठे झाला याला अर्थ नाही. बापाचे गाव तेच तिचे गाव, आणि ते गाव आता इटलीच्या ताब्यात आहे. दुपारी ती मक्याचा शिजवलेला गोळा खाते. तो रीबेल नव्हे.

तिची मुलगी तिली, दोन वर्षांची. डेल्फिना म्हणते, ओटमारची. ओटमार माझा मुलगा. सोळा सालच्या उन्हाळ्यात गॅलिसियात, रशियाच्या आघाडीवर, बेपत्ता झाला. लग्न झालेले नव्हते, आणि रजेवर आला तेव्हा मला काही बोलला नाही. बेपत्ता माणसाला विचारता येत नाही, म्हणून मी या गोष्टीला होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. माझी बायको क्रेसेन्स हो म्हणते. पोरगी तिला 'आजी' म्हणते आणि ती म्हणू देते.

पोरगी डावखुरी आहे. ओटमारही होता. त्याचा डावा हात मी खुर्चीला बांधून ठेवत असे, तेव्हा कुठे अक्षर वळणावर आले. डावखुरी मुले पुष्कळ असतात.

१५ जानेवारी १९१९, बुधवार

पूल ओलांडून व्यापारी लुत्ससाहेबांकडे माल पोचवला. कापड आणि दोरा त्यांचा, भरतकाम आमचे, दोष सापडला की कपात. गेली कित्येक वर्षे हेच चालले आहे. त्यांनी मला बाहेरच्या बोळात थांबवले. आत कधीच बोलवत नाहीत. याला माणूसघाणेपणा म्हणणारे लोक आहेत, मी शिस्त म्हणतो. बोळातली फरशीसुद्धा आमच्या देवळापेक्षा स्वच्छ असते. बर्फाने भिजलेले बूट मी पायरीवर काढले आणि मोज्यांवर उभा राहिलो. त्यांनी ते पाहिले. त्यांना ते आवडले असावे.

मी चळवळीचे सांगितले. किती सह्या झाल्या ते सांगितले. ते भिंग लावून कापड तपासत होते. म्हणाले, "ऐकलंय मी. पण तुमच्याकडे इटालियन फार झालेत म्हणे, आल्गे. आमच्या लोकांना भिकारी दत्तक घ्यायची हौस नाही."

मग हसले आणि पुढचा तागा उलगडला. वसंतात पलीकडचे दोन गृहस्थ आमचा काठ पाहायला यायचे आहेत, त्यांच्याबरोबर आपणही येऊ, असे त्यांनी आपण होऊन सांगितले.

पुलावरून परतताना कळले की इटालियनांबद्दलचे ते बोलणे ही सूचना होती. सभ्य माणसे हुकूम देत नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

पंचायतीची बैठक झाली. ज्यांचा या गावात गावहक्क, म्हणजे कायद्याने गावचे म्हणून राहण्याचा हक्क, नाही आणि ज्यांनी गावाची मदत घेतली आहे, त्यांना त्यांच्या त्यांच्या गावी परत पाठवावे, असा ठराव मी मांडला. कायद्यात तो अधिकार पहिल्यापासून आहे. पीठ सगळ्यांनाच कमी, त्यामुळे कोणी मोठ्याने विरोध केला नाही. अकरा नावे निघाली. मोर्टारने दोन बोटे गेलेला वीटभट्टीवाला, कोमोहून आलेली म्हातारी, असे.

गावप्रमुख व्हेटर म्हातारा मऊ मनाचा आहे. तो म्हणाला, "डेल्फिना दहा वर्षांच्या वर इथंच राहतेय. दहा वर्षं झाली की हक्क मागता येतो. तिला देऊन टाकू या."

सगळे माना हलवू लागले. मी उठलो. कायद्याचे वाक्य अर्धेच वाचून चालत नाही. दहा वर्षे, पण त्यात धर्मादाय घेतलेला नसावा. सतरा सालच्या हिवाळ्यात डेल्फिनाने पोरीसाठी गावाच्या धर्मादाय पेटीच्या पैशातून दूध घेतले आहे.

मग व्हेटर म्हणाला, "तुझ्याच घरात काम करत होती ती तेव्हा, गेबहार्ड. तुमच्याकडे शेळी होती."

होती. घरचे दूध घरच्यांसाठी, हे मी त्या हिवाळ्यात ठरवले होते, म्हणून क्रेसेन्सनेच तिला पेटीकडे पाठवले. मी हे लपवले नाही, तसेच सांगितले. माझ्या घरातली बाई म्हणून तिला सोडली असती तर बाकीच्या दहांना काय तोंड दाखवले असते? ठराव मंजूर झाला.

रात्रीच्या जेवणाला क्रेसेन्सने रीबेलचे पातेले टेबलाच्या मधोमध ठेवले, माझा चमचा ठेवला, आणि आपला उचलून फडताळात टाकला. माझी आई असतानापासून या घरात सगळे एकाच पातेल्यातून खातात. मी एकट्याने खाल्ले. उरले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डेल्फिनाला आज मी स्वतः सांगितले. दुसऱ्याच्या तोंडून कळणे बरे नव्हे. ती खालची रांग ओवत होती आणि तिली यंत्राखाली बसून तुटके दोरे गोळा करत होती.

ती थांबली नाही, ओवत राहिली. मग म्हणाली, "तिलीला ठेवून घ्या, मालक. मी जाते. ओटमार आला तर निदान ती दिसू दे त्याला."

मी समजावले की लग्नाबाहेरच्या मुलाचे गाव आईचे गाव असते. मूल ठेवून घ्यायला मी कोण?

"तुम्ही एकदा म्हणा, ती त्याची आहे म्हणून. व्हेटरकाकांना एवढंच हवंय. एकदाच म्हणा."

"मला जे माहीत नाही ते मी म्हणत नाही."

"माहीत आहे तुम्हाला, मालक."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. पोरीने खालून दोऱ्यांचा गुंता माझ्यापुढे धरला, डाव्या हातात. मी घेतला नाही, काम चालू होते.

डेल्फिनाने दोन्ही रांगा पूर्ण ओवल्या आणि मगच उठली. काम अर्धे टाकले नाही, हे तिच्या बाजूने लिहून ठेवतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोघींना न्यायला आलेले पोलीस शिपाई सभ्यपणे वागले. स्टेशनवर मी गेलो, कारण ठराव माझा होता. पोरीच्या पायात ओटमारचे लहानपणचे बूट होते. क्रेसेन्सने मला न विचारता माळ्यावरून काढले. बूट मोठे होते, ती पाय ओढत चालत होती. गाडीच्या खिडकीतून तिने फलाटावरच्या क्रेसेन्सला हात केला. कोणता हात ते लिहायची गरज नाही.

गाडी वेळेवर सुटली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

क्रेसेन्स आता ओवते. हात मंद आहे, बोलत नाही. माझे डोळे सुईच्या नेढ्यापुरते राहिलेले नाहीत, नाहीतर मीच ओवले असते. आज चार सुया मधेच रिकाम्या निघाल्या, म्हणजे चार फुलांना देठ नाहीत.

८ मार्च, शनिवार

उद्या 'फुंकेन', आमचा आगीचा सण. ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या रविवारी आम्ही लाकडांचा उंच मनोरा रचतो आणि माथ्यावर गवताची, पोटात बंदुकीची दारू भरलेली चेटकीण बसवून पेटवतो. ती फुटली की हिवाळा गेला. ती फुटली नाही किंवा मनोरा आधीच कलंडला, तर वर्षभर गावाचे हसे होते. पोरे आज चेटकिणीसाठी जुने कपडे मागत फिरत होती. प्रत्येक घराने काहीतरी द्यायचे ही रीत आहे, आणि रीत पाळण्यात आमचे घर कधी मागे राहिलेले नाही.

यंत्राशेजारच्या खुंटीवर डेल्फिनाची शाल राहिली होती. हिरवी, लाल फुलांची. फुले यंत्रावरची होती, आणि टाके बरे होते. कोणाच्या कामाची नव्हती. ती दिली.

९ मार्च, रविवार

अंधार पडताच पेटवला. ज्वाळा वरपर्यंत पोचल्या, शालीची फुले एकेक काळी पडली, आणि चेटकीण पहिल्याच भडक्यात फुटली. सगळे ओरडले. फिन्कने मला बिअर दिली आणि म्हणाला, "बघ नावाड्या, तुझी इटालियन तुझ्याआधी उडाली." मी हसलो नाही, पण बिअर घेतली. या चळवळीत मला सगळ्यांबरोबर राहायला हवे.

क्रेसेन्स बायकांमध्ये उभी होती. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ती शाल ओटमारनं घेऊन दिली होती. जायच्या आदल्या दिवशी."

मला हे कोणी आधी सांगितले नव्हते. मी तिला तसे म्हणालो. ती घरी गेली.

८ एप्रिल, मंगळवार

पाहुणे येऊन गेले. दोन गृहस्थ आणि लुत्ससाहेब. रस्ता मी पहाटेपासून झाडून घेतला होता. कोटाच्या कॉलरला लाल फितीवर पांढरा क्रूस लावला होता, त्यांच्या झेंड्यासारखा. क्रेसेन्सने तो भरून दिला नाही, मी स्वतः भरला, म्हणून एक भुजा किंचित आखूड आहे. त्यांच्या लक्षात आले नसावे.

माझे यंत्र पाहायला ते आत आले. मी नक्षी फिरवू लागलो आणि दोरे तुटले, एक नाही, ओळीने सात-आठ. क्रेसेन्स ओवत राहिली. चष्मेवाल्या गृहस्थांनी विचारले, ओवणारी बाई नाही का तुमच्याकडे?

मी सांगितले की इटालियन होती, पाठवून दिली. आता या गावात एकही नाही. मी हे अभिमानाने सांगितले.

ते चकित झाले. "पाठवून दिली? का? आमच्याकडे किती आहेत. बोगदे, गिरण्या, सगळं त्यांच्यावर चालतं. त्यांच्यावाचून आमचं पान हलत नाही."

मी लुत्ससाहेबांकडे पाहिले. ते घड्याळात पाहत होते. पाहुण्यांनी सभ्यपणा म्हणून तसे म्हटले, हे माझ्या नंतर लक्षात आले. मनातले उघड बोलून दाखवणे त्यांच्या रीतीत बसत नाही.

क्रेसेन्सच्या हातातली सुई पडली. ती शोधायला ती यंत्राखाली गेली आणि पाहुणे जाईपर्यंत वर आली नाही.

११ मे, रविवार

आजचा दिवस माझा आहे. शंभरातल्या ऐंशी लोकांनी हो म्हटले, एशनाउमध्ये त्याहून जास्त. स्वित्झर्लंडशी बोलणी सुरू करावी की नाही, एवढाच प्रश्न होता. फिन्कच्या 'नाही'च्या बाजूने थोडीच मते पडली.

सकाळी क्रेसेन्सला घेऊन गेलो. वाटेत तिला सांगितले, नीट लिही, पलीकडे बायकांना मत नाही, तेव्हा हे तुझे शेवटचे. तिने विचारले, "म्हणजे माझं मत घालवण्यासाठी मी मत द्यायचं?" मी म्हणालो, तसे म्हणता येईल. ती पडद्याआड बराच वेळ होती. बाहेर आल्यावर काय लिहिलेस विचारले, तर म्हणाली, लिहिलं ते लिहिलं.

संध्याकाळी घंटा वाजवल्या. माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण व्हेटरने हात हातात घेतला. म्हणाला, "झालं ना तुझ्या मनासारखं?" त्याचा आवाज मला आवडला नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

पॅरिसजवळ तह झाला. आम्हाला ऑस्ट्रियातच ठेवले. कोणी विचारलेसुद्धा नाही. पलीकडच्या लोकांनी भांडायला हवे होते, ते भांडले नाहीत. फिन्कने खानावळीच्या दारावर खडूने लिहून ठेवले, 'उरलेल्यांना बिअर निम्म्या दरात'. आत गर्दी होती. मी फितीचा क्रूस काढलेला नाही. तह बदलतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लुत्ससाहेबांनी सगळा माल परत केला. हातयंत्रावर हात एकदा चुकला की तीच चूक ताग्यातल्या प्रत्येक फुलात उतरते. ती चूक माझी होती, मी मान्य केली. शिवाय रिकाम्या सुयांच्या जागा. ते म्हणाले, "ओवणं बिघडलंय तुमचं. पूर्वी असं नव्हतं."

मी बोळातच उभा होतो. विचारले, मी यंत्र घेऊन पलीकडे, म्हणजे त्यांच्या गावात, राहायला आलो तर? प्रदेश नाही तर नाही, एक माणूस तरी.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. "गेल्या हिवाळ्यात पीठ कुणाचं खाल्लंत, आल्गे? आमचं. धर्मादायाचं. तसल्यांना आमचं गाव हक्क देत नाही. तुम्हाला कायदा कळतो, तुम्हाला वेगळं काय सांगायचं?"

कायदा बरोबर आहे. मी त्यांना तसे सांगितलेही. मग बूट घालून निघालो. पुढच्या महिन्यापासून माल देणार नाहीत.

३ फेब्रुवारी १९२०, मंगळवार

ओटमार आला.

तो सायबेरियात होता. तीन वर्षे कैदेत, मग कुठून कुठून, एका जहाजाने, मग चालत. दारात उभा राहिला तेव्हा मी ओळखले नाही. क्रेसेन्सने आतल्या खोलीतून पावलांच्या आवाजावरून ओळखले. तिच्या हातातले पातेले पडले आणि भरडा जमिनीवर सांडला. तो भरडा भरायला ती खाली बसली नाही, ही पहिलीच वेळ.

त्याने टोपी काढली, मला म्हणाला, "बाबा, बरे आहात?" मग यंत्राकडे गेला. रिकाम्या स्टुलाकडे पाहिले. "डेल्फिना कुठंय? मूल झालं ना? मुलगा की मुलगी?"

क्रेसेन्स माझ्याकडे बघत होती. ती बोलणार नव्हती, बोलायचे मीच आहे असे तिला वाटत होते. मी सगळे क्रमाने सांगितले. बैठक, दहा वर्षांचा नियम, दूध, ठराव. काहीही वगळले नाही. शालीचेही सांगितले, कारण त्याला दुसऱ्याकडून कळले असते. त्याने एकदाही मध्ये तोडले नाही. मला वाटले, त्याला पटत आहे.

संपल्यावर त्याने विचारले, "तिचं नाव काय?"

"डेल्फिनाचं?"

"माझ्या मुलीचं, बाबा."

मी सांगितले. तो ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणत राहिला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ओटमार माळ्यावर झोपतो आणि दिवसभर बाहेर असतो. आज व्हेटरकडे गेला होता. डेल्फिनाच्या बापाचे गाव कोणते ते विचारून आला. परत आल्यावर स्टुलावर बसून त्याने एक रांग ओवली, डाव्या हाताने. मी त्याला टोकले नाही. दोरा सुटला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

ते गेले. दोघेही.

ओटमारला मी दारात अडवून सांगितले की त्याचा गावहक्क इथे आहे, तिथे तो परका ठरेल, ऑस्ट्रियाचा सैनिक म्हणून लोक थुंकतील, आणि पंचायत कधीही परत पाठवू शकेल. एकेक मुद्दा बोटावर मोजून सांगितला.

तो पिशवी खांद्यावर घेत म्हणाला, "तिथंही तुमच्यासारखा कुणीतरी असेलच, बाबा. त्याच्याच दारात जाऊन उभा राहतो. तो हो म्हणेपर्यंत."

क्रेसेन्स बोचके घेऊन बाहेर आली. मला वाटले, स्टेशनपर्यंत पोचवायला जात असेल. तिच्याकडे तिचे सगळे कपडे होते, आणि ओटमारच्या लहानपणचे दुसरे बूट, मोठ्या मापाचे.

मी विचारले, तूही? या वयात, परक्या देशात? मी तिला विचारले की मी काय चुकीचे केले ते एक तरी दाखवून दे. नियमात.

ती म्हणाली, "नियमात काही नाही रे, गेबहार्ड." मग पायरी उतरली आणि परत वळली. "मे महिन्यात मी 'नाही' लिहिलं होतं. जन्मात एकदाच कुणी मला विचारलं. मग म्हटलं, नाही."

मी म्हणालो, एका मताने काय फरक पडला?

"काहीच नाही," ती म्हणाली. "पातेलं घासून ठेवलंय."

कुंपणापर्यंत गेल्यावर ओटमारने तिचे बोचके घेतले. डाव्या हातात.

२१ फेब्रुवारी, शनिवार

उद्या 'फुंकेन'ची रात्र. पोरे कपडे मागायला आली. यंत्र बंद आहे, ओवायला कोणी नाही. सकाळपासून मी एक सुई ओवायचा प्रयत्न करत होतो, ती मधेच सोडून दार उघडले.

पोरे गालातल्या गालात हसत होती. "काकूंचं काही जुनं?"

मी सगळी फडताळे उघडून पाहिली. बायकांचे या घरात काहीच उरलेले नाही. पोरे पायरीवर थांबली होती, आणि शेजारीण तिच्या दारात उभी राहून ऐकत होती. प्रत्येक घराने काहीतरी द्यायचे अशी रीत आहे. माझा रविवारचा कोट खुंटीवर होता. तोच दिला. चेटकिणीला पुरुषाचा कोट घालत नाहीत, हेही त्यांना सांगितले. पोरे पळत गेली.

२२ फेब्रुवारी, रविवार

गेलो नाही. खिडकीतून दिसते.

कॉलरवरचा क्रूस काढायचा राहिला होता. मनोऱ्याच्या उजेडात तो इथून दिसला, एक भुजा आखूड असलेला. फिन्कनेही पाहिला असावा, कारण ज्वाळा वर चढताच त्याचा आवाज आला, "अरे, तेविसावा परगणा पेटला," आणि सगळे गाव हसले, बायकासुद्धा. मग कोणीतरी 'नावाडी, नावाडी' अशी आरोळी दिली आणि पोरांनी ती उचलली. चेटकीण फुटेपर्यंत ते तेच ओरडत होते.

ती पहिल्या भडक्यात फुटली नाही, दुसऱ्यात फुटली. दुसऱ्यात फुटली तरी शुभच मानतात. वारा पूर्वेचा होता, ठिणग्या नदी ओलांडून पलीकडे गेल्या. पलीकडे पाहायला कोणी बाहेर आले नव्हते.

सुई अजून ओवून झालेली नाही.